दूरच्या प्रिंटरची क्यू पुन्हा पुन्हा अडकते: युनिक्सवर कारण कसे शोधायचे

लक्षण ओळखीचे आहे. फाइल प्रिंटला टाकली, प्रॉम्प्ट लगेच परत आला, एरर नाही आणि कागदही नाही. कोणीतरी क्यू (छपाईच्या कामांची, म्हणजे जॉबची, रांग) पुन्हा चालू करतो, साठलेले जॉब एकामागोमाग बाहेर पडतात, काही दिवस सुरळीत जातात आणि मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून कोणी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) दर दहा मिनिटांनी कप्सएनेबल, म्हणजे क्यू चालू करणारी कमांड, चालवणारी ओळ टाकतो. तुमच्या मशीनवर अशी ओळ असेल तर आधी ती काढा. ती असेपर्यंत बिघाड झाकलेला राहतो आणि लॉगमध्ये हाती लागेल असे काही उरत नाही.

कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची. मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे.

जॉब कुठपर्यंत पोचला?

एलपी किंवा एलपीआर ही प्रिंटला टाकायची कमांड यशस्वी झाली याचा अर्थ इतकाच की फाइल स्पूलमध्ये, म्हणजे छपाईची वाट बघणाऱ्या फाइलींच्या जागेत, पडली. कप्समध्ये (युनिक्सवरच्या नेहमीच्या छपाई प्रणालीत) ही जागा /व्हार/स्पूल/कप्स. तिथून शेड्यूलर जॉब उचलतो, फिल्टर त्याचे प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतात, बॅकएंड नावाचा छोटा प्रोग्राम तो नेटवर्कवरून पाठवतो आणि पुढचे प्रिंटर बघतो. जॉब यांपैकी कोणत्या टप्प्यावर थांबला हे कळले की निम्मे काम झाले. ते न बघता शेड्यूलर रीस्टार्ट करणाऱ्यांना थोडा वेळ बरे वाटते, एवढेच.

पहिली कमांड नेहमी ही:

एलपीस्टॅट -टी

क्यू चालू आहे का, नवे जॉब घेते आहे का, तिचा डिव्हाइसचा पत्ता काय आणि कोणते जॉब पडून आहेत, हे सगळे एकाच वेळी दिसते. यात लोकांचा सर्वात जास्त घोळ पहिल्या दोन गोष्टींत होतो, कारण प्रत्येक क्यूला दोन वेगळे स्विच असतात. कप्सॲक्सेप्ट आणि कप्सरिजेक्ट हे दारावरचे: नवा जॉब आत घ्यायचा की नाही. कप्सएनेबल आणि कप्सडिसेबल हे आतले: घेतलेला जॉब प्रिंटरकडे पाठवायचा की नाही. जॉब टाकतानाच नकार मिळाला तर पहिला स्विच बंद आहे. जॉब निमूट आत जातो आणि तिथेच बसतो, तर दुसरा. जुन्या बीएसडीच्या (युनिक्सचा एक प्रकार) एलपीसी या क्यू सांभाळणाऱ्या कमांडमध्येही हीच जोडी आहे, फक्त तिथे एनेबल-डिसेबल हे दाराचे स्विच आहेत आणि स्टार्ट-स्टॉप आतले. एका प्रणालीवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस इथे हमखास चकतो.

क्यू आपोआप डिसेबल होते

ही सर्वात नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा तिच्या मुळाशी एकच सेटिंग असते. बॅकएंड अपयशी होऊन बाहेर पडला की काय करायचे हे क्यूची एरर पॉलिसी ठरवते. कप्सची मूळ पॉलिसी आहे स्टॉप-प्रिंटर, म्हणजे एक जॉब फसला की अख्खी क्यू बंद आणि कोणी हाताने चालू करेपर्यंत बंदच. प्रिंटर मशीनला केबलने जोडलेला असतो तेव्हा हे शहाणपणाचे असेल. नेटवर्कवरच्या, दिवसातून चार वेळा झोपणाऱ्या प्रिंटरला ते शोभत नाही.

बदलायची पद्धत:

एलपीॲडमिन -पी लेखा -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब

इथे "लेखा" हे क्यूचे नाव, नमुन्यासाठी. रिट्राय-जॉबमुळे फसलेला जॉब काही वेळाने पुन्हा पाठवला जातो. किती वेळाने आणि किती वेळा, हे कप्सडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधल्या जॉबरिट्रायइंटरव्हल आणि जॉबरिट्रायलिमिट या ओळींवर अवलंबून. अबॉर्ट-जॉबमध्ये फसलेला जॉब टाकून पुढचा घेतात. तिसरा पर्याय रिट्राय-करंट-जॉब, तो मात्र जपून: तोच जॉब लगेच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मागचे सगळे ताटकळतात. खराब फाइल एकच असते आणि शिक्षा सगळ्या ऑफिसला.

पॉलिसी बदलली म्हणजे मूळ कारण गेले असे नाही. बॅकएंड का फसतो ते शोधायचेच आहे, आणि ते सांगतो लॉग:

कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग

मग एक जॉब टाका, त्याचा क्रमांक घ्या आणि /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग या फाइलमध्ये ग्रेपने तोच क्रमांक शोधा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असते: ई म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे इशारा, आय म्हणजे माहिती, डी म्हणजे डीबग. नवखा माणूस फक्त ई-वाल्या ओळी वाचतो. खरी गोष्ट बहुधा त्यांच्या आधीच्या डी आणि आय ओळींत असते. फिल्टरचा गोंधळ असेल तर "कनेक्टिंग टू प्रिंटर" ही ओळ येण्याआधीच काहीतरी तुटलेले दिसते, एखादा फिल्टर सापडत नाही किंवा शून्य सोडून दुसराच कोड देऊन बाहेर पडतो. "कनेक्टिंग" आले पण "कनेक्टेड" आले नाही, तर नेटवर्क. दोन्ही आले आणि तरी कागद नाही, तर प्रिंटर किंवा फाइलची भाषा. (काही वितरणांत हा लॉग फाइलऐवजी जर्नलमध्ये जातो, तिथे जर्नलसीटीएलने बघा.)

"प्रिंटर इज इन यूज", पण कोणीच वापरत नाही

हा संदेश माणसांना तासन्‌तास भलत्या दिशेला नेतो. सॉकेट (थेट कनेक्शन) आणि एलपीडी (छपाईचा जुना प्रोटोकॉल) हे बॅकएंड प्रिंटरने कनेक्शन नाकारले की "द प्रिंटर इज इन यूज" असे छापतात. कारण असे की बरेच प्रिंटर ९१०० पोर्टवर एका वेळी एकच कनेक्शन घेतात, म्हणून नकार आला की दुसऱ्याचा जॉब चालू असेल असे बॅकएंड धरून चालतो. पण पोर्ट मुळातच बंद असेल तरी नकार तसाच येतो! प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कोणी सुरक्षेसाठी ९१०० बंद केला असेल, किंवा त्या आयपीवर आता प्रिंटरच नसून कोणाचा तरी लॅपटॉप बसला असेल, तरी तुम्हाला दिसणार "इन यूज".

होस्टपर्यंत वाटच सापडत नसेल तर संदेश वेगळा, "अनरीचेबल". नावाचा पत्ता मिळत नसेल तर "अनेबल टू लोकेट प्रिंटर". हे तीन संदेश म्हणजे तीन वेगळ्या बिघाडांची नावे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

आणखी एक. अशा वेळी क्यू डिसेबल होत नाही. बॅकएंड थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहतो आणि ही चिकाटी मुळात ६०४८०० सेकंद, म्हणजे पूर्ण आठवडा टिकते. एलपीस्टॅट दाखवते की जॉब चालू आहे, वापरणारा समजतो की छपाई होते आहे. कोणीतरी लवकर बोंब मारावी असे वाटत असेल तर डिव्हाइसच्या पत्त्याला शेपूट जोडा:

सॉकेट://१९२.१६८.१.५०:९१००/?कॉनटाइमआउट=३००

आता पाच मिनिटांत बॅकएंड हार मानेल आणि एरर पॉलिसी पुढचे बघेल. म्हणूनच पॉलिसी आधी बदलायची, हे शेपूट नंतर. उलट क्रमाने केले तर क्यू डिसेबल व्हायचे प्रमाण वाढेल.

आयपी पत्ता हलतो

दर काही दिवसांनी तोच प्रिंटर गायब होत असेल, विशेषतः वीज जाऊन आल्यावर, तर एलपीस्टॅट -व्ही मधला पत्ता आणि प्रिंटरच्या पॅनेलवरचा पत्ता समोरासमोर ठेवा. डीएचसीपीने (नेटवर्कवर आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेने) नवा पत्ता दिलेला असतो आणि क्यू जुन्याच पत्त्याला धरून बसलेली असते. डीएचसीपी सर्व्हरवर प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवणे हा पक्का उपाय. प्रिंटरवर हाताने स्थिर आयपी टाकता येतो, पण तो डीएचसीपीच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा, नाहीतर उद्या तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला जाईल.

शेवटी डॉट लोकल असलेले नाव वापरले असेल तर ते एमडीएनएसवर (स्थानिक नेटवर्कमध्येच नाव शोधण्याच्या पद्धतीवर) चालते. ते सहसा राउटर ओलांडत नाही, आणि काही प्रिंटर गाढ झोपेत असताना त्याला उत्तर देत नाहीत. सर्व्हरवरच्या कायमच्या क्यूसाठी साधे डीएनएस नाव बरे.

दार उघडे आहे का

तीन पोर्ट लक्षात ठेवायचे: ५१५ एलपीडीचा, ६३१ आयपीपीचा (छपाईच्या नव्या प्रोटोकॉलचा), ९१०० थेट सॉकेटचा, ज्याला बरेच जण जेटडायरेक्ट म्हणतात. पोर्ट तपासायची कमांड: एनसी -झेडव्ही, पुढे पत्ता, पुढे पोर्ट. तिन्ही तपासा, आणि तपासणी प्रिंट सर्व्हरवरूनच करा. स्वतःच्या डेस्कवरून पोर्ट उघडा दिसला म्हणून सर्व्हरच्या नेटवर्कवरून तो उघडा असेलच असे नाही.

९१०० वर स्पूलर पूर्ण बाजूला ठेवून चाचणी घेता येते: प्रिंटएफने एखादा शब्द, कॅरेज रिटर्न, लाइन फीड आणि शेवटी फॉर्म फीड एनसीकडे पाइप करा. फॉर्म फीड विसरलात तर लेझर प्रिंटर पान भरायची वाट बघत बसेल आणि तुम्हाला चाचणी फसली असे वाटेल. कागद आला तर नेटवर्क आणि प्रिंटर निर्दोष, दोष तुमच्या बाजूचा. फक्त पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी प्रिंटरची भाषा) समजणारा प्रिंटर मात्र साध्या मजकुराला दाद देणार नाही, त्याला छोटी पोस्टस्क्रिप्ट फाइल पाठवा.

या पोर्टची गंमत अशी की तिथे जे येईल ते छापले जाते. एचटीटीपीची विनंती छापलेले एकेक ओळीचे कागद रात्री आपोआप निघत असतील तर प्रिंटरला भूतबाधा झालेली नाही, कोणाचा तरी सुरक्षा स्कॅनर ९१०० वर बोलतो आहे. एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्राम याच कारणासाठी आवृत्ती ओळखताना हा पोर्ट मुळात वगळतो. स्कॅनर चालवणाऱ्यांना सांगून पत्ता वगळायला लावा.

एलपीडी: जुना पाहुणा, अजून घरात

एलपीडीचे वर्णन आरएफसी ११७९ (इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे वर्णन करणाऱ्या मालिकेतला एक दस्तऐवज) मध्ये आहे, साल १९९०. नवी क्यू करायची असेल आणि प्रिंटर आयपीपी बोलत असेल तर एलपीडीच्या वाटेला जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत. पण जुन्या सर्व्हरवरून, मोठ्या अकाउंटिंग प्रणालींमधून जॉब अजून एलपीडीनेच येतात, त्यामुळे त्याच्या खोडी माहीत हव्यात.

पहिली खोड क्यूच्या नावाची. एलपीडीत नुसता पत्ता पुरत नाही, पलीकडच्या क्यूचे नावही लागते. प्रिंटकॅप या क्यूंच्या व्याख्येच्या फाइलमध्ये आरएम म्हणजे दूरचे मशीन आणि आरपी म्हणजे तिथली क्यू. आरपी लिहिले नाही तर "एलपी" असे धरले जाते, आणि पलीकडे त्या नावाची क्यू नसेल तर जॉब नाकारला जातो किंवा हवेत विरतो. काही नेटवर्क कार्डांवर नावानुसार वागणूकही बदलते: जेटडायरेक्टवर "रॉ" दिलेत तर बाइट जसेच्या तसे जातात, "टेक्स्ट" दिलेत तर प्रत्येक ओळीला कॅरेज रिटर्न जोडला जातो. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल (प्रिंटरची आणखी एक भाषा) जॉब चुकून "टेक्स्ट"कडे गेला की चित्रे फाटतात आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

दुसरी खोड जास्त मजेदार. आरएफसी म्हणते की पाठवणाऱ्याचा स्वतःचा पोर्ट ७२१ ते ७३१ या दरम्यान हवा. म्हणजे अवघे ११ पोर्ट. १०२४ खालचा पोर्ट युनिक्सवर रूटलाच घेता येतो, म्हणून त्या काळी हा ओळखीचा पुरावा मानला जाई. आता बघा: महिनाअखेरीला एकामागोमाग शंभर छोटी बिले सुटतात. कनेक्शन बंद झाल्यावरही पोर्ट काही काळ टाइम-वेट अवस्थेत अडकून राहतो. अकरा संपले की बारावा जॉब ताटकळतो, मग एकदम काही जातात, मग पुन्हा थांबा. छपाई अशी गचके खात चालली असेल तर त्या क्षणी नेटस्टॅट किंवा एसएस चालवून ५१५ कडे जाणारी कनेक्शन बघा. टाइम-वेटची रांग दिसली की निदान झाले. हीच अट नॅटमध्येही (राउटरने मध्येच पत्ते बदलण्याच्या पद्धतीत) नडते, कारण मधला राउटर पाठवणाऱ्याचा पोर्ट बदलून वरचा देतो आणि कडक सर्व्हर जॉब फेटाळतो. नेटवर्क बदलल्यापासून एलपीडी बंद पडले असेल तर हे आधी तपासा. कप्सच्या एलपीडी पत्त्यात रिझर्व्ह हा पर्याय आहे. रिझर्व्ह=नन दिले की खालचा पोर्ट घेण्याचा हट्टच सुटतो आणि बहुतेक प्रिंटरांना त्याचे काही वाटत नाही. हट्टी जुना सर्व्हर असेल तर उलट, रिझर्व्ह=आरएफसी११७९.

तिसरी खोड क्रमाची. प्रत्येक जॉबमागे दोन फाइली जातात: नियंत्रण फाइल, जिच्यात वापरणाऱ्याचे, मशीनचे आणि जॉबचे नाव असते, आणि डेटा फाइल. काही यंत्रांना नियंत्रण आधी हवे, काहींना डेटा आधी. कप्समध्ये ऑर्डर हा पर्याय त्यासाठीच. प्रत्येक टप्प्यावर पलीकडून शून्य हा एक बाइट पोचपावती म्हणून यावा लागतो. यातच एका छळवादी बिघाडाचे मूळ आहे: प्रिंटर जॉब घेतो, छापतो, पण शेवटची पोचपावती देत नाही. पाठवणारा समजतो की पोचलेच नाही, पुन्हा पाठवतो. तेच बिल दहा वेळा निघते. यावर क्यू थांबवून जॉब रद्द करणे ही तात्पुरती मलमपट्टी. ऑर्डर उलटा करून बघा, नाहीतर सरळ ९१०० वर जा.

बीएसडीच्या एलपीडी सर्व्हरकडून "युवर होस्ट डज नॉट हॅव लाइन प्रिंटर ॲक्सेस" असे उत्तर आले तर तिथल्या /ईटीसी/होस्ट्स डॉट एलपीडी मध्ये तुमच्या मशीनचे नाव नाही. नाव असूनही नकार येत असेल तर उलट डीएनएस बघा: सर्व्हर तुमच्या आयपीवरून नाव शोधतो, आणि ते यादीतल्या नावाशी जुळावे लागते. मोठी फाइल अर्धवटच छापली जात असेल तर प्रिंटकॅपमधला एमएक्स बघा. जुन्या प्रणालींत तो दिला नाही तर मर्यादा १००० ब्लॉकची, म्हणजे साधारण १ एमबी. एमएक्स#० लिहिले की मर्यादा जाते.

कागद येतो, पण भलताच

प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या शेवटापासून सुरू होऊन मजकूर उजवीकडे जिन्यासारखा उतरत जातो: युनिक्स ओळ संपवताना फक्त लाइन फीड पाठवते, प्रिंटरला कॅरेज रिटर्नही हवा असतो. पीसीएल प्रिंटरच्या मेनूत त्याची सोय बहुधा असते, नाहीतर फिल्टरमधून जाऊ द्या, रॉ क्यू (फाइल जशीच्या तशी पाठवणारी) वापरू नका.

पानेच्या पाने पोस्टस्क्रिप्टचा कोड निघतो, पहिली ओळ टक्का आणि उद्गारचिन्हाने सुरू होते: प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नाही, किंवा त्या खुणेआधी काहीतरी फालतू बाइट घुसले आहेत. क्यूला प्रिंटरशी जुळणारे मॉडेल द्या. आयपीपी एव्हरीव्हेअर (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छपाईची पद्धत) समजणारा प्रिंटर असेल तर:

एलपीॲडमिन -पी लेखा -ई -व्ही आयपीपी://प्रिंटरचे-नाव/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

इथला ई मोठ्या अक्षरातला, आणि त्याची जागा महत्त्वाची. -पी च्या नंतर आला तर क्यू चालू करतो आणि जॉब घेऊ देतो. आधी आला तर त्याचा अर्थ सर्व्हरशी एन्क्रिप्शन वापर असा होतो, आणि नवी क्यू बंदच राहते. इंटरनेटवरून उचललेल्या अर्ध्या स्क्रिप्टा इथे फसलेल्या आहेत. ड्रायव्हर आणि रॉ क्यू हे दोन्ही कप्समधून निवृत्तीच्या वाटेवर आहेत, तेव्हा नव्या क्यू अशाच करा.

कागद नीट आला, तरी जॉब क्यूत चालूच दिसतो आणि मागचे अडतात: सॉकेट बॅकएंड प्रिंटरने कनेक्शन बंद करायची वाट बघतो, काही प्रिंटर ते करतच नाहीत. पत्त्याला वेटईओएफ=फॉल्स जोडा. आयपीपीसाठी तसाच पर्याय वेटजॉब=फॉल्स.

मध्ये दुसरा कप्स सर्व्हर असेल तर

मूळ सेटिंगमध्ये कप्स फक्त स्वतःच्या मशीनचे ऐकतो. सर्व्हरवर कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स द्या, क्यूला प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू द्या, फायरवॉलमध्ये ६३१ उघडा. "बॅड रिक्वेस्ट" येत असेल तर क्लायंट ज्या नावाने हाक मारतो ते नाव सर्व्हर स्वतःचे मानत नाही, सर्व्हरएलियास ओळ घाला. जुन्या युनिक्सवरून एलपीडीने जॉब घ्यायचे असतील तर कप्स आपणहून ५१५ वर बसत नाही, कप्स-एलपीडी हा वेगळा छोटा प्रोग्राम इनेटडी किंवा सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सॉकेटमधून चालू करावा लागतो.

एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) गोष्टी वेगळ्या: क्यूची व्याख्या /ईटीसी/क्यूकॉन्फिग मध्ये, दूरच्या प्रिंटरसाठी बॅकएंड रेमबॅक, स्थिती बघायला एनक्यू -ए (मोठा ए), आणि डाउन पडलेली क्यू उठवायला क्यूॲडम -यू (मोठा यू). सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर आवृत्ती १० पर्यंत एलपीशेड हा शेड्यूलर आणि त्याच्या ॲक्सेप्ट, एनेबल या कमांड, ११ पासून कप्स. वर सांगितलेले पोर्टचे आणि क्यूच्या नावाचे नियम मात्र तिथेही तेच.

सगळे बदल झाल्यावर कप्ससीटीएल --नो-डीबग-लॉगिंग द्यायला विसरू नका, डीबग लॉग डिस्क पटकन खातो. मग प्रिंटर मुद्दाम बंद करा, दोन जॉब टाका, कॉनटाइमआउटपेक्षा जास्त वेळ जाऊ द्या आणि प्रिंटर चालू करा. हात न लावता दोन्ही कागद बाहेर आले तर झाले. नाही आले तर एलपीस्टॅट -टी पासून पुन्हा.